टकळीचा धडा

सकाळी शाळेची वेळ होत आली की घरोघरी एकच गडबड उडते. कोणी दप्तर शोधतो, कोणाची वही सापडत नाही, कोणी अर्धी भाकरी हातात घेऊनच दाराकडे धावतो. अशा घाईत मूल सदरा अंगात घालते, गुंड्या लावते आणि निघते. सदऱ्याकडे त्याचे लक्ष नसते. लक्ष जाते ते सदरा फाटला, मळला किंवा सोबत्याच्या सदऱ्याहून जुना दिसला तरच. जी वस्तू दिवसभर अंगाशी असते, उन्हापासून आणि थंडीपासून रक्षण करते, चारचौघांत लाज राखते, तिची आठवण केवळ तक्रारीच्या वेळी व्हावी, हे विचित्र खरे. परंतु हे थोड्याफार फरकाने सर्वांच्याच बाबतीत घडते.

ही सवय कशी मोडावी? 'कृतज्ञ असावे' हे वाक्य फळ्यावर लिहिणे सोपे आहे. ते वहीत उतरवून घेणे त्याहून सोपे आहे. पण वाक्य वहीत राहते आणि सदरा खुंटीवर राहतो. दोहोंची गाठ पडत नाही. विदर्भातील एका लहानशा खेड्यात काही शिक्षकांनी ही गाठ घालून पाहिली. त्यांनी मुलांच्या हाती उपदेशाचे वाक्य दिले नाही. त्यांनी टकळी दिली.

त्या खेड्याचे नाव शेगाव. वर्ध्यापासून ते सुमारे आठ किलोमीटरांवर आहे. १९३६ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस महात्मा गांधी तेथे राहावयास आले. विदर्भातच शेगाव नावाचे दुसरे प्रसिद्ध गाव असल्याने पत्रे भलतीकडे जात. म्हणून १९४० साली या खेड्याचे नाव 'सेवाग्राम' असे ठेवण्यात आले. येथे राहत असताना गांधीजींच्या मनात शिक्षणाचा प्रश्न सतत घोळत होता. त्या काळच्या शाळेत मूल पुस्तकातील शब्द शिकत असे, परंतु त्याच्या हातांना काही येत नसे. शेतकऱ्याचा मुलगा चार यत्ता शिकला की त्याला नांगराची लाज वाटू लागे. विणकराचा मुलगा मागाजवळ बसेनासा होई. ज्या श्रमांवर घर उभे आहे, त्याच श्रमांचा तिटकारा शिकविणारी शाळा कोणत्या कामाची, असा गांधीजींचा प्रश्न होता.

१९३७ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ व २३ तारखांना वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. गांधीजी तिचे अध्यक्ष होते. देशातील शिक्षणतज्ज्ञ आणि काही प्रांतांचे शिक्षणमंत्री तिला उपस्थित होते. मुलांना सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, ते मातृभाषेतून मिळावे आणि एखादा उत्पादक हस्तोद्योग त्या शिक्षणाच्या मध्यभागी असावा, असे ठराव परिषदेने केले. अभ्यासक्रम आखण्यासाठी डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. हेच झाकीर हुसेन पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. या शिक्षणाला 'नयी तालीम' किंवा 'मूलोद्योग शिक्षण' असे नाव मिळाले. १९३८ साली हिंदुस्थानी तालीमी संघाची स्थापना झाली. सिलोनमधून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, आलेले ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी सेवाग्राम येथे संघाचे काम वाहिले. हे दांपत्य त्यापूर्वी रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनात काम करीत होते.

सूतकताई, विणकाम, शेती, सुतारकाम असे अनेक उद्योग या शाळांत चालत. परंतु वर्ध्याच्या आसपास काळी कसदार जमीन आणि तीत पिकणारा कापूस. म्हणून तेथे सुताला पहिला मान मिळाला. लहान मुलांसाठी टकळी हे फार सोयीचे साधन होते. टकळी म्हणजे एक बारीक, सरळ काडी. तिच्या खालच्या भागी एक गोल चकती बसविलेली असते आणि वरच्या टोकाला लहानसा आकडा असतो. किंमत अगदी थोडी, जागा वितभर, आवाज जवळजवळ नाहीच. मूल ती खिशात घालून नेऊ शकते.

पाहणाऱ्याला टकळीवर सूत काढणे पोरखेळ वाटतो. उजव्या हाताच्या बोटांनी टकळीला गिरकी द्यावयाची. डाव्या हाताच्या चिमटीत पेळू धरून तो हात हळूहळू वर न्यावयाचा. गिरकीचा पीळ कापसात चढतो, तंतू एकमेकांना बिलगतात आणि पाहता पाहता सूत तयार होते. मग ते चकतीच्या वर गुंडाळावयाचे, आकड्यात अडकवावयाचे आणि पुन्हा गिरकी द्यावयाची. एवढेच काम. पण जो मुलगा ते पहिल्यांदा हातात घेतो, त्याची पहिल्याच क्षणी फजिती होते. हात भरभर वर गेला तर सूत तुटते. हात रेंगाळला तर पीळ जास्त होऊन सुताची वेटोळी होतात. चिमूट सैल पडली तर कापसाचा बोळाच पुढे सरकतो. घट्ट आवळली तर काहीच सरकत नाही. शेजारच्या मुलाने खिडकीबाहेर माकड दाखविले आणि मान तिकडे वळली, की टकळी खाली पडलीच म्हणून समजावे.

येथेच टकळीचा पहिला धडा सुरू होतो. मन कोठे आहे, हे ती ताबडतोब सांगते. पुस्तकासमोर बसून मन गावभर हिंडून आले तरी पुस्तक तक्रार करीत नाही. डोळे ओळींवरून फिरत राहतात आणि आपण वाचतो आहोत असे मुलाला वाटते. टकळीजवळ अशी फसवणूक चालत नाही. मन गेले की सूत गेले. आणि त्यात शिक्षा कोणतीच नाही. तुटलेले टोक पेळूला पुन्हा लावावयाचे, थोडा पीळ द्यावयाचा, की ते जुळते. मन भटकले तर रागावू नये, त्याला परत आणावे. सूत तुटले तर रडू नये, ते जोडावे. दिवसातून वीस वेळा असे करणाऱ्या मुलाला एकाग्रता हा शब्द ठाऊक नसला तरी चालतो. त्याच्या बोटांना ती ठाऊक होऊ लागते.

काही दिवसांनी त्या मुलाला आणखी एक गोष्ट जाणवते. टकळी शांतपणे फिरत असली की श्वासही शांत चालतो. सगळा वर्ग सूत काढू लागला की गलका आपोआप कमी होतो. कोणी 'गप्प बसा' असे म्हटलेले नसते. परंतु हाताला काम आणि डोळ्याला लक्ष्य मिळाले की जिभेची धाव मंदावते. आश्रमात रोज सर्वांनी मिळून सूत काढण्याचा परिपाठ होता आणि त्याला 'सूत्रयज्ञ' म्हणत. गांधीजींचा जन्मदिवस तिथीने भाद्रपद वद्य द्वादशीला येतो. त्या दिवशी आपला उत्सव न करता चरख्याचा उत्सव करावा, असे त्यांनी सुचविले. म्हणून ती तिथी 'चरखा द्वादशी' म्हणून ओळखली जाऊ लागली.

एकाग्रता हा झाला पहिला धडा. दुसरा धडा त्याच्या पोटातूनच निघतो. जो लक्ष देऊन पाहू लागला, त्याला पूर्वी न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. सूत पेळूतून निघते. मग पेळू कोठून आला? पेळू पिंजलेल्या कापसाचा. मग कापूस कोणी पिंजला? त्यातील सरकी कोणी काढली? तो कोणी वेचला? नयी तालीमच्या शाळांत हे प्रश्न केवळ विचारून सोडून देत नसत. मुलांना त्या सर्व पायऱ्यांवरून प्रत्यक्ष चालविले जाई.

कापसाची पेरणी पावसाळ्याच्या आरंभी होते. काळी जमीन ओलावा धरून ठेवते आणि त्या बळावर झाड वाढते. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागतात आणि वेचणी सुरू होते. लांबून पाहिले तर शेतावर पांढरी फुले उमलल्यासारखी दिसतात. परंतु जवळ गेले म्हणजे बोंडाच्या सुकलेल्या, टोकदार पाकळ्या दिसतात. कापूस ओढताना त्या बोटांना ओरखडे काढतात. कमरेला ओटी बांधून, दिवसभर वाकून, एकेक बोंड मोकळे करीत जाणाऱ्या स्त्रियांची बोटे संध्याकाळी पाहिली, म्हणजे पांढऱ्या कापसाची खरी किंमत कळते. एकाच वेळी सर्व बोंडे फुटत नाहीत. म्हणून तेच शेत पुन्हा पुन्हा वेचावे लागते.

वेचलेल्या कापसात सरकी असते. लाकडी फळीवर कापूस ठेवून त्यावरून लोखंडी सळई लाटण्यासारखी फिरविली की सरकी पुढे निसटते आणि रुई मागे राहते. येथे मुलांना एक नवल कळते. तीन किलो कापूस घेतला तर त्यातून रुई सुमारे एकच किलो निघते. बाकी बहुतेक सरकी असते. ती सरकी वाया जात नाही. तिचे तेल निघते, पेंड होते, आणि ज्या बैलांनी शेत नांगरले त्यांच्यासारख्याच जनावरांच्या पुढ्यात ती येते. नंतर रुई पिंजावयाची, तिचा कचरा झाडावयाचा, आणि पातळ थर काडीवर गुंडाळून पेळू करावयाचा. एवढे झाल्यावर टकळीची पाळी. जो मुलगा स्वतः पाच पेळू करतो, तो सहावा पेळू जमिनीवर पायदळी पडलेला पाहू शकत नाही. 'कापूस वाया घालवू नये' ही सूचना त्याला द्यावीच लागत नाही.

गणिताचा तासही याच सुतातून निघे. सूत मोजण्यासाठी चार फूट घेराचा फाळका असे. फाळक्याला सुताचा एक वेढा बसला की एक 'तार' झाली. १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. प्रत्येक मूल आपले सूत मोजी, वहीत आकडा लिही आणि कालच्याशी ताडून पाही.

आता असा एक हिशेब मांडून पाहावा. एक फूट लांब व एक फूट रुंद असा हातरुमाल विणावयाचा आहे. कापड जाडेभरडेच धरू. एका इंचात तीस उभे आणि तीस आडवे धागे. उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात, आडव्यांना बाणा. बारा इंचांत उभे धागे ३६० झाले. प्रत्येक एक फुटाचा, म्हणजे ३६० फूट सूत. तेवढेच सूत आडव्या धाग्यांना. एकूण ७२० फूट. चार फुटांची एक तार, म्हणजे १८० तारा. नवशिका मुलगा अर्ध्या तासात वीस तारा काढतो असे धरले, तर त्याला नऊ दिवस रोज अर्धा तास बसावे लागेल. नाक पुसून खिशात कोंबावयाचा रुमाल, आणि त्यासाठी नऊ दिवसांची कताई!

रुमालाचा हिशेब झाला की मुलांची नजर साहजिकच मोठ्या वस्तूंकडे वळते. आईचे नऊवारी लुगडे घ्यावे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट लांबी. रुंदी चार फूट धरावी. धागे पूर्वीइतकेच, इंचाला तीस. रुंदीचे अठ्ठेचाळीस इंच, म्हणून उभे धागे १,४४०. प्रत्येक सत्तावीस फुटांचा. गुणाकार येतो ३८,८८० फूट. आडव्या धाग्यांचेही तितकेच. दोन्ही मिळून ७७,७६० फूट, म्हणजे १९,४४० तारा. तीस गुंड्या होऊन वर आणखी २४० तारा उरतात. हे सूत एका ओळीत सरळ पसरले तर ते २३ किलोमीटरांहून लांब जाईल. सेवाग्रामपासून वर्ध्यापर्यंतच्या अंतराच्या जवळजवळ तिप्पट! अर्ध्या तासाला वीस तारा काढणारा मुलगा रोज अर्धा तास बसला, तर त्याला ९७२ दिवस लागतील. शाळेचे वर्ष दोनशे दिवसांचे धरले, तर पहिलीत सुरू केलेले काम पाचवी संपता संपता पुरे होईल. आणि हे फक्त सूत झाले. पेरणी, वेचणी, पिंजण, विणाई, धुलाई यांचे दिवस यात धरलेलेच नाहीत.

हा हिशेब ज्याने स्वतः मांडला, आणि त्यातील पहिल्या १८० तारा ज्याच्या बोटांनी काढल्या, तो घरी जाऊन आईच्या लुगड्याकडे एकदा तरी निराळ्या नजरेने पाहील. कृतज्ञता म्हणतात ती हीच. कृत म्हणजे केलेले. ज्ञ म्हणजे जाणणारा. दुसऱ्याने केलेले जो जाणतो, तो कृतज्ञ. शब्दातच सांगितले आहे की जाणणे आधी, आभार नंतर. जाणल्यावाचून मानलेले आभार हे केवळ तोंडचे शब्द. ते तोंडातून निघतात आणि वाऱ्यावर जातात.

काम आणि जाणीव यांची ही सांगड आपल्या देशाला नवी नाही. कबीर विणकर होते. मागावर बसूनच त्यांनी जगाला शहाणपण सांगितले. गोरोबा मातीची मडकी घडवीत, सावतोबा मळा शिंपीत, जनाबाई दळण-कांडण करीत. त्यांनी काम टाकून देव शोधला नाही. कामात मन ओतले आणि तेथेच त्यांना तो भेटला. ऋण ही कल्पनाही आपल्याकडे जुनी आहे. माणूस जन्माला येतो तोच देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण घेऊन, असे आपले पूर्वज मानीत. त्या ऋणांतून उतराई होणे म्हणजेच नीट जगणे.

तथापि नयी तालीमविषयी सर्वांचेच मत अनुकूल होते असे नाही. शंका घेणारे लोक लहानसहान नव्हते. १९२५ साली रवींद्रनाथ ठाकुरांनी 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात चरख्याविषयी लेख लिहून गांधीजींशी आपला मतभेद उघडपणे मांडला होता. सर्वांनी तेच ते एक काम यंत्रासारखे करीत राहिले तर मन बधिर होईल, अशी त्यांची भीती होती. गांधीजींनी त्याला आदरपूर्वक उत्तर दिले. दोघांचा एकमेकांवरील स्नेह मात्र या वादाने कमी झाला नाही. पुढे नयी तालीमची योजना आली तेव्हाही असाच प्रश्न उठला. झाकीर हुसेन समितीच्या वेळापत्रकात साडेपाच तासांच्या शाळेपैकी तीन तास वीस मिनिटे उद्योगासाठी राखलेली होती. मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च हळूहळू भागावा, असाही विचार त्यामागे होता. तेव्हा अनेकांनी विचारले, ही शाळा की कारखाना? मुलांच्या कोवळ्या हातांकडून पैसा मिळविणे योग्य आहे काय?

ही शंका खोटी नव्हती. खुद्द समितीनेच आपल्या अहवालात सावधगिरीचा इशारा दिला होता, की या योजनेत पैशाच्या बाजूवर भर पडून शिक्षणाचा व संस्काराचा हेतू मागे पडण्याचा धोका आहे. जेथे शिक्षक केवळ तारा मोजीत बसले, तेथे टकळी हे खरोखरच ओझे झाले. मूल सूत काढी, पण प्रश्न विचारीत नसे. आकडा वाढे, पण नजर वाढत नसे. रवींद्रनाथांना भीती वाटत होती ती हीच. याउलट जेथे प्रत्येक तारेबरोबर एक प्रश्न निघाला, कापसाबरोबर भूगोल आला, फाळक्याबरोबर गणित आले, वेचणाऱ्या बाईच्या बोटांबरोबर करुणा आली, तेथे त्याच टकळीने मुलांची मने जागी केली. साधन एकच, त्यामागे जागे मन आहे की झोपलेले, यावर सारे अवलंबून. रवींद्रनाथांनीही १९२४ साली खेड्यातील मुलांसाठी 'शिक्षासत्र' नावाची शाळा काढली होती आणि तीत हस्तोद्योगांना मोठे स्थान दिले होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हातांनी शिकावे, याविषयी दोघांचे दुमत नव्हते.

स्वातंत्र्यानंतर अनेक प्रांतांत मूलोद्योग शाळा निघाल्या. पुढे त्या हळूहळू मागे पडल्या. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने सर्व शाळांसाठी 'कार्यानुभव' सुचविला, आणि हातांच्या कामाला वेळापत्रकात निराळ्या नावाने जागा मिळाली. सेवाग्राम येथील जुनी शाळाही काही वर्षे बंद होती. २००५ साली तेथे 'आनंद निकेतन' ही शाळा पुन्हा सुरू झाली. तेथील मुले शेतात काम करतात, स्वयंपाक शिकतात, सूत काढतात आणि त्या कामांतून इतर विषयांकडे वळतात.

आज आपले कपडे गिरणीत आणि कारखान्यात होतात. चाती वेगाने फिरतात, यंत्रे धागा तुटला की क्षणात थांबतात, आणि रुमाल काही रुपयांना मिळतो. म्हणून त्यामागची माणसे नाहीशी झाली असे मात्र नव्हे. विदर्भातील कापूस आजही बहुतेक ठिकाणी माणसांच्या बोटांनीच वेचला जातो. पाऊस लांबला, कीड पडली किंवा भाव घसरला की कापूस पिकविणाऱ्याच्या घरी कर्जाचे ओझे वाढते. या दुःखाने विदर्भातील अनेक घरे उद्ध्वस्त झाली आहेत. ज्याचा कापूस अंगावर आहे, त्याची हलाखी पाहून मान फिरविणे ही कृतघ्नता होय. कृतज्ञता म्हणजे गोड बोलणे नव्हे. वस्तू जपून वापरणे, फाटले तर शिवणे, श्रम करणाऱ्याशी आदराने वागणे, त्याच्या कष्टाचा योग्य मोबदला त्याला मिळावा असे मनापासून वाटणे आणि मोठेपणी त्यासाठी झटणे, ही तिची खरी रूपे आहेत.

हा धडा केवळ टकळीच शिकविते असेही नाही. पोळ्याला मातीचा बैल करताना ज्याने खऱ्या बैलाचे वशिंड नीट निरखले, त्याला बैलाच्या खांद्यावरील जुवाचा घट्टाही दिसतो. आकाशकंदिलाची एक पाकळी चिकटविताना ज्याने श्वास रोखून धरला, त्याला कागद जपावासा वाटतो. आजीजवळ बसून गोधडीला चार टाके घालणारी मुलगी पाहते, की हा तुकडा बाबांच्या जुन्या धोतराचा, तो आत्याच्या लुगड्याचा. साऱ्या घराची ऊब एका पांघरुणात आली आहे. काम कोणतेही असो. ते सावकाश, लक्ष देऊन आणि स्वतःच्या हातांनी केलेले असावे. आधी हात थांबायला शिकतात, मग डोळे पाहायला शिकतात आणि शेवटी मन जाणायला शिकते.

उद्या सकाळी पुन्हा तीच घाई होईल. दप्तर शोधले जाईल, वही सापडणार नाही, घंटेची वेळ जवळ येईल. तरी सदऱ्याची शेवटची गुंडी लावताना एक क्षण थांबता येईल. बाहीचा काठ बोटांत धरून त्यातील एक धागा पाहता येईल. तो धागा कोठून कोठवर आला, किती हातांतून आला, हे एका क्षणात सगळे आठवणार नाही. पण तो कोणाच्या तरी कष्टातून आला, एवढे आठवले तरी पुरे. त्या दिवशी सदरा जुना असला तरी तो अंगाला अधिक शोभून दिसेल.

अभ्यास

१. पुस्तकासमोर मन भटकले आणि टकळीजवळ मन भटकले, यांत कोणता फरक पडतो? तुमच्या अनुभवातील एक उदाहरण देऊन सांगा.

२. 'कृतज्ञ' या शब्दाची फोड करून त्याचा अर्थ स्पष्ट करा. 'कृतघ्न' हा शब्द कोणाला लावावा?

३. रवींद्रनाथांना कोणती भीती वाटत होती? ती कोठे खरी ठरली आणि कोठे खोटी ठरली?

४. दीड फूट लांब व एक फूट रुंद अशा पंचाला, इंचाला तीस उभे व तीस आडवे धागे धरून, किती तारा सूत लागेल? हिशेब मांडून दाखवा.

५. घरातील एक जुने कापड घ्या. एका इंचात किती उभे व किती आडवे धागे आहेत ते सुईच्या टोकाने मोजा. ते कापड घरात कोणी आणले, कोणी वापरले, कोणी शिवले याची माहिती वडील माणसांकडून मिळवून दहा ओळी लिहा.

६. पुढील शब्द वाक्यांत योजा : उतराई होणे, तिटकारा, फजिती, सांगड, हलाखी.